अद्भुताची मुदत

एखादी अद्भुत कादंबरी किंवा पोथीतली चमत्कारकथा दूरचित्रवाणीवर आली की तिच्याविषयी एकच तक्रार चहूकडून ऐकू येते: फार संथ आहे, पुढे सरकतच नाही. विद्यार्थी हे म्हणतात, सहकारी म्हणतात, वृत्तपत्रांतले परीक्षणकारही म्हणतात. उपायही सगळ्यांना ठाऊक असतो. वेग वाढवा, पाल्हाळ कापा, आठ भागांची आटोपशीर वेबमालिका करा. या तक्रारीशी आमचे भांडण आहे. मालिका चांगल्या असतात असा आमचा दावा मुळीच नाही. पण रोगाचे नावच चुकीचे घेतले जात आहे, आणि त्या चुकीत आम्हां साहित्याच्या मास्तरांचा वाटा मोठा आहे.

आमचा मुलूख अलिबागचा किनारा. थळ-नवगावपासून आक्षी, नागाव, चौल, रेवदंड्यापर्यंतच्या वाड्यांतली मुले आमच्या वर्गांत येतात. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमा व्हायची असते, आणि श्रावणात घरोघर किंवा देवळात पोथी लागते. कुठे हरिविजय, कुठे पांडवप्रताप, कुठे नवनाथ भक्तिसार. एक जण ओव्या वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, ऐकणारे मध्येच हुंकार देतात, कुणी पेंगतो. पोथी लावतानाच समाप्तीचा दिवस ठरलेला असतो आणि त्या दिवसाचा प्रसाद कुणाकडे हेही ठरलेले असते. या साध्या गोष्टीकडे आम्ही वर्षानुवर्षे रीतिरिवाज म्हणून पाहिले. तिच्यात कथनशास्त्राचा एक मोठा सिद्धांत आहे हे आम्हांला उशिरा कळले.

नवनाथ भक्तिसार हा धुंडीसुत मालूंचा ग्रंथ शके 1741चा, म्हणजे इ.स. 1819चा. अध्याय 40. मराठीत सामान्य माणसाने सर्वांत अधिक ऐकलेला अद्भुतग्रंथ कोणता असे विचारले तर आम्ही याच ग्रंथाचे नाव घेऊ. तो आमच्या अभ्यासक्रमात नाही. त्यातली गोरखनाथांच्या जन्माची कथा सर्वांना माहीत आहे. मच्छिंद्रनाथ एका निपुत्रिक बाईला भस्म देतात. ती शेजारणींच्या बोलण्याने बिचकून ते उकिरड्यावर टाकते. नाथ निघून जातात आणि पोथीही त्यांच्याबरोबर निघून जाते. मध्ये युद्धे होतात, अस्त्रे सुटतात, देवदेवता अडवायला येतात. मग बारा वर्षांनी नाथ त्याच दारात परत येतात, मुलगा कुठे आहे म्हणून विचारतात, आणि उकिरड्यातून बारा वर्षांचा मुलगा ओ देतो.

या कथेचा वेग काय म्हणावा? भस्म टाकण्याचा क्षण बारकाईने सांगितला आहे, शेजारणींच्या कुजबुजीसकट. त्यानंतरची बारा वर्षे त्या घराबद्दल एक अक्षर नाही. पण ऐकणाऱ्याच्या मनातून तो उकिरडा हलत नाही. मधले अध्याय कितीही लांबोत, तिथे काहीतरी वाढते आहे हे त्याला माहीत असते. संथ की जलद, हा प्रश्नच इथे गैरलागू होतो. कथेने एक मुदत घातलेली आहे आणि ती आतल्या आत पुरी होते आहे.

आता हाच प्रसंग दैनंदिन मालिकेच्या कारखान्यात गेला तर त्याचे काय होईल ते कल्पून पाहावे. जाहिराती वजा जाता रोजचा वीस-बावीस मिनिटांचा मजकूर. त्यामुळे भस्म हातात घेतलेल्या बाईचा चेहरा तीन वेळा, ढगांचा गडगडाट, शेजारणीचे कारस्थान, नवऱ्याचा संशय. पण यात वेळ फार गेला हा काही दोष नव्हे. पोथीही वेळ घेते; वाताकर्षणास्त्र आणि त्याची उतारे यांची इतकी पुनरुक्ती नवनाथांत आहे की आमच्यातला एक जण त्या भागात नेहमी तंबाखू मळायला बाहेर जातो. खरा दोष पुढे आहे. बारा वर्षे म्हणजे किती भाग, हे त्या मालिकेच्या लेखकाला माहीत नसते. प्रेक्षकसंख्येचे साप्ताहिक आकडे चांगले आले तर ती बारा वर्षे दोनशे भागांची होतील, वाईट आले तर पुढच्या गुरुवारी संपतील. मुदत कथेच्या हातून निघून वाहिनीच्या हाती जाते. त्या क्षणी उकिरड्यात काहीही वाढत नसते.

आपल्या परंपरेत अद्भुताचे घड्याळ शाप आणि उःशाप या दोन काट्यांवर चालते. 'कादंबरी' हा शब्द ज्या ग्रंथावरून आपण घेतला तो बाणभट्टाचा सातव्या शतकातला ग्रंथ घ्या. त्याच्याइतके संथ गद्य जगात क्वचित असेल. एका राजाचे किंवा अरण्याचे वर्णन पाने भरून चालते. तरी ग्रंथ अडकत नाही. पोपट बोलतो आहे, तो पूर्वजन्मी कोणी वेगळा होता, कुणाच्या शापाने कोण कुठल्या जन्मात गेला हे कोडे वरून टांगलेले असते, आणि ते सुटणार याची हमी असते. बाण ग्रंथ पुरा न करता गेला आणि त्याच्या मुलाने तो पुरा केला. त्याला तो पुरा करता आला, कारण शाप सुटायचे राहिले होते. नवनाथांतल्या स्त्रीराज्याचेही तेच. मच्छिंद्रनाथ तिथे रमले, गोरख मृदंग वाजवीत त्यांना सोडवायला गेला, एवढे सर्वांना आठवते. राणी मैनाकिनी स्वतःच शापित होती आणि मीननाथाच्या जन्मानंतर तिचीही सुटका ठरलेली होती, हे फार थोड्यांना आठवते. दोघांची मुदत एकाच वेळी संपते, म्हणून तो वियोग सहन होतो. प्रभातने 1932 साली 'माया मच्छिंद्र' केला. शांतारामबापूंना ती कथा एका बैठकीत बसवावी लागली. ते बंधन होते, पण कथेच्या जातीचेच बंधन होते. 2021 साली सोनी मराठीवर सुरू झालेली 'गाथा नवनाथांची' शेकडो भाग चालली. तिच्या एखाद्या भागावर बोट ठेवण्यात आम्हांला रस नाही. मेहनत करणारी माणसे सगळीकडे असतात. शेकडो भागांत एकाच ग्रंथाचा शाप आणि उःशाप परस्परांच्या नजरेत कसे राहावेत, हा आमचा प्रश्न आहे.

एक विषयांतर, पण आमच्या गावचे. आक्षीचा शिलालेख मराठीच्या सर्वांत जुन्या लेखांत गणला जातो, हे विद्यार्थी परीक्षेपुरते पाठ करतात. या किनाऱ्याला, आणि एकूण कोकणात, ज्यांना आपण गधेगाळ म्हणतो ते दगडही आहेत: वर चंद्र-सूर्य, खाली दान मोडणाऱ्याला अभद्र शाप. तो शाप आचंद्रसूर्य आहे. त्याला उःशाप नाही, कारण ती कथा नाही. तो जमिनीच्या तुकड्यावर बसवलेला पहारेकरी आहे. आजची अद्भुत मालिका आम्हांला कधी कधी गधेगाळीसारखी वाटते. असो.

कुणी म्हणेल, हप्त्याहप्त्याने सांगणे हे काही दूरचित्रवाणीने आणलेले खूळ नव्हे. हरिभाऊंची 'पण लक्षात कोण घेतो' 'करमणूक'मधून क्रमशः आलीच ना? आली. पण यमूच्या आयुष्याला वरून कुणी मुदत घातलेली नव्हती. वास्तववादी कादंबरी आयुष्याच्या अंगाने चालते आणि आयुष्य कुठेही वळते, रेंगाळते, अर्धेच राहते. सासू-सुनेची मालिका चार वर्षे चालली तर तिच्या जातीला बट्टा लागत नाही. वैताग येतो, ते वेगळे. अद्भुताला मात्र ही सूट नाही. हा भेद आमच्या समीक्षेने कधी केलाच नाही. हरिभाऊंनंतर आपण वास्तवाला मोठेपण दिले आणि नाथमाधवांचा 'वीरधवल' किंवा धारपांची पुस्तके ग्रंथालयाच्या कोपऱ्यात, पान सुटलेल्या प्रतींच्या ढिगात ठेवून दिली. अद्भुताच्या कालमानाविषयी बोलायला लागणारी परिभाषा आपण घडवली नाही. मग वाहिनीच्या माणसाने आपल्याला विचारले, सांगा, आमचे काय चुकते? आणि आपल्याजवळ एकच शब्द होता: संथ.

नारायण धारपांच्या 'ग्रहण'वरून त्याच नावाची मालिका झी मराठीवर 2018 साली आली आणि काही महिन्यांत तिचा शेवट झाला. ग्रहणाला स्पर्श, मध्य आणि मोक्ष असतो. ते पाच वर्षे लागत नाही. नावाशी इतका इमान राखणारा कालावधी मालिकांच्या जगात विरळा. तरी आमच्या स्टाफरूममध्ये तिच्याबद्दल जो शब्द वापरला गेला तो 'बंद पडली' असा होता. 'संपली' असे कुणी म्हणाले नाही. गोष्ट संपू शकते ही कल्पनाच आपल्या कानांना परकी होत चालली आहे, याचा याहून चांगला पुरावा आम्हांला सापडलेला नाही.

हिंदीकडे पाहिले तर हीच गोष्ट ठसठशीत दिसते. देवकीनंदन खत्रींची 'चंद्रकांता' 1888ची. तिच्यातल्या तिलिस्मालाही मुदत आहे: ते कुणी तोडायचे हे आधीच लिहून ठेवलेले असते, आणि तो माणूस येईपर्यंत आतली माणसे कोंडलेली. 1994 साली नीरजा गुलेरींनी त्यावरून मालिका केली. ऐयारांची गंमत लोकांनी डोक्यावर घेतली, आम्हीही रविवारी सकाळी बसून पाहिली. पण शंभराहून अधिक भाग झाल्यावर तिलिस्म नावाची वस्तू कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आमच्यापैकी कुणालाच सांगता येईना. याउलट चोप्रांचे 'महाभारत' (1988 ते 1990) 94 भागांचे, आणि निवेदक साक्षात काळ. पहिल्या भागापासून कुरुक्षेत्र दिसत होते, म्हणून द्यूतसभा कितीही लांबली तरी कुणी तक्रार केली नाही.

आता वेगवाल्यांकडे वळू, कारण त्यांचा उपाय अधिक घातक आहे असे आमचे मत आहे. रॉबर्ट जॉर्डन यांच्या 'व्हील ऑफ टाइम'चे 14 खंड आठ-आठ भागांच्या हंगामांत कोंबायला 2021 साली सुरुवात झाली; तीन हंगामांनंतर, 2025 साली, ती मालिका रद्द झाली. कालचक्राच्या नावाची कथा, आणि तिला फिरायलाच वेळ मिळाला नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'चे उदाहरण तर विद्यार्थ्यांना आमच्याहून अधिक पाठ असते. पहिले हंगाम दहा भागांचे, शेवटचे दोन सात आणि सहा भागांचे. सुरुवातीला ज्या रस्त्याला भागामागून भाग लागत, तोच रस्ता पुढे एका भागात दोनदा तुडवला जाऊ लागला. लेखकाची पुस्तके पुरी झालेली नव्हती. मालिकेला शेवट हवा होता पण शेवटाकडे नेणारी मुदत तिच्याजवळ नव्हती. तिथे वेग भरपूर होता आणि त्याने काहीही वाचले नाही. रेंगाळणारी आणि धावणारी अशा दोन्ही मालिका एकाच आजाराने ग्रासलेल्या असू शकतात, हे यातून दिसावे.

आमच्या किनाऱ्यावर हे समजावायला आम्ही कुलाबा किल्ल्याचा दाखला देतो. ओहोटीला माणूस चालत किल्ल्यात जातो, आत रेंगाळतो, विहिरीचे गोडे पाणी पाहतो, गणपतीला नमस्कार करतो. किती हळू चालावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. भरती कधी लागणार हे मात्र तिथीवर ठरते. अष्टमीच्या भांगाला वेगळे, पौर्णिमेच्या उधाणाला वेगळे. कोळ्याच्या पोराला हे सांगावे लागत नाही. पुण्या-मुंबईचे पाहुणे आत अडकतात आणि मग होडीवाल्याला हाका मारतात.

तेव्हा मागणी साधी आहे. अद्भुत ग्रंथावर मालिका करणाऱ्याने पहिल्या भागाच्या आधी तिचा शेवटचा भाग लिहावा आणि भागांची संख्या जाहीर करावी. मग हवे तितके संथ चालावे. हे धंद्यात बसत नाही असे आम्हांला सांगितले जाईल. रामानंद सागरांचे 'रामायण' 52 भागांचे ठरले होते आणि 78 भागांवर गेले, हेही सांगितले जाईल. चालेल, मुदत वाढली, पण मुदत होती. आणि आम्ही आमच्या बाजूने नवनाथ भक्तिसाराचे दोन अध्याय अभ्यासक्रमात घालण्याचा ठराव अभ्यासमंडळापुढे तिसऱ्यांदा ठेवतो आहोत. आधी दोनदा 'हा धार्मिक ग्रंथ आहे' या शेऱ्यासह तो परत आला. मंडळातल्या ज्यांनी तो शेरा मारला त्यांनी तो ग्रंथ ऐकला आहे की नाही, हे विचारायचे आम्ही सौजन्याने टाळले होते. यंदा टाळणार नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका वाडीत श्रावणातल्या पोथीची वेळ बदलली. संध्याकाळी त्याच कथांची मालिका लागत असे, म्हणून बायकांनी पोथी जेवणानंतर ठेवायला लावली. वाचणारे आजोबा कुरकुरले, पण मानले. मालिका पाहून सगळ्या जणी देवळात येत आणि पडद्यावर आज काय झाले ते त्यांना सांगत. आठवडाभराने आजोबांनी विचारले, "तुमच्या त्या टीव्हीवरच्या पोथीची समाप्ती कधी गं?" बायका एकमेकींकडे पाहू लागल्या. मग त्यांतल्या एकीने सांगितले की ते काही कळत नाही, पण आपल्या समाप्तीचे नारळ तिने आणून ठेवले आहेत.