कोडे घालणारा कोण?

मराठीत कोडे 'घालतात' आणि कोडे 'सोडवतात'. क्रियापदे दोन आहेत, तशी माणसेही दोन लागतात. आजी ओसरीवर बसून कोडे घालायची तेव्हा तिचे लक्ष आपल्या चेहऱ्याकडे असायचे. आपण अडलो की ती एखादी खूण द्यायची, फारच अडलो की गालात हसायची. कन्नड घरांत याच खेळाला 'ओगटु' म्हणतात. नाव बदलले तरी समोर बसलेली आजी तीच! सकाळी पेपरातले सुडोकू सोडवायला पेन्सिल घेतो तेव्हा म्हणूनच मनात येते, की हे कोडे आपल्याला घातले कोणी? माणसाने की संगणकाने? आणि ज्याला नुसते सोडवायचे आहे, त्याला त्याने काही फरक पडतो का?

आमच्या पांढुर्णा-सौंसर भागात घरातली भाषा मराठी आणि शाळा-कचेरीतली हिंदी. आपल्या साप्ताहिकाच्या अनेक वाचकांच्या घरी मराठी आणि कन्नड एकाच स्वयंपाकघरात नांदतात. अशा घरांत शब्दकोडे हा थोडा पंक्तिभेद करणारा प्रकार. सासूबाई मराठी शब्दकोडे घेऊन बसतात, सुनेला तिच्या माहेरचा कन्नड 'पदबंध' जवळचा वाटतो, आणि दोघींना एकमेकींची मदत करता येत नाही. सुडोकूने ही अडचण दूर केली. त्याला भाषा लागत नाही. खरे तर गणितही लागत नाही, कारण बेरीज-वजाबाकी कुठेच नाही. आकड्यांच्या जागी नऊ फळांची चित्रे काढली तरी कोडे तसेच चालेल. लागतो तो फक्त विचार.

या कोड्याची जन्मकथा तीन देशांत घडली. इंडियानापोलिसचे निवृत्त वास्तुविशारद हॉवर्ड गार्न्स यांनी रचलेले 'नंबर प्लेस' हे कोडे १९७९ मध्ये डेल कंपनीच्या अमेरिकन मासिकात छापून आले. १९८४ मध्ये ते जपानमध्ये निकोली या प्रकाशनसंस्थेच्या मासिकात पोचले. तिथे माकी काजी यांनी त्याला एक लांबलचक जपानी नाव दिले. त्याचा अर्थ असा, की आकडे अविवाहितच असले पाहिजेत! म्हणजे एका ओळीत कोणत्याही आकड्याला जोडीदार नको. त्या नावाचे छोटे रूप म्हणजे सुडोकू. निकोलीची कोडी माणसे हाताने रचत. पुढे दिलेल्या आकड्यांची मांडणी सममित हवी आणि ते ३२ पेक्षा जास्त नकोत, असा दंडकही त्यांनी घातला.

तिसरा देश इंग्लंड. हाँगकाँगमध्ये न्यायाधीश राहिलेले न्यूझीलंडचे वेन गूल्ड १९९७ मध्ये टोकियोच्या एका पुस्तकाच्या दुकानात शिरले आणि सुडोकूच्या प्रेमात पडले. सहा वर्षे खपून त्यांनी सुडोकू तयार करणारा संगणक प्रोग्राम लिहिला. १२ नोव्हेंबर २००४ रोजी लंडनच्या 'द टाइम्स'मध्ये त्यांचे पहिले कोडे छापले गेले आणि काही महिन्यांतच जगभरच्या पेपरांत सुडोकूचे चौकोन दिसू लागले. आपल्याकडेही ही लाट आली ती २००५ च्या सुमारास. म्हणजे सुडोकूला घडवले हातांनी आणि घरोघर पोचवले संगणकाने. दोघांचेही उपकार मानले पाहिजेत.

आता दोघांची कामाची रीत पाहू. संगणक आधी ८१ घरांचा पूर्ण भरलेला चौकोन तयार करतो. मग एकेक आकडा पुसत जातो. प्रत्येक वेळी तपासतो, की अजून उत्तर एकच आहे ना? दुसरे उत्तर निघू लागले, की पुसलेला आकडा परत ठेवतो. हे काम तो डोळ्याची पापणी लवते तोवर करतो, आणि कच्चा माल तर न संपणारा आहे. नियमात बसणारे पूर्ण भरलेले चौकोन किती, याचे उत्तर २००५ मध्ये फेल्गेनहावर आणि जार्विस या दोघांनी संगणकाच्या मदतीने काढले. ती संख्या २२ अंकी आहे! कमीत कमी किती आकडे दिले तर उत्तर एकच राहते, हा प्रश्नही असाच सुटला. डब्लिनचे गॅरी मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दाखवून दिले, की १७ हून कमी आकड्यांत ते शक्य नाही. हे हाताने करायला कितीही जन्म पुरले नसते.

हाताने रचणारा उलट्या बाजूने येतो. तो आधी रिकामा चौकोन समोर घेतो आणि आकडे कुठे दिसतील त्या जागा ठरवतो. आपल्या बायका रांगोळीचे ठिपके आधी मांडतात ना, तसे. कन्नडमध्ये त्या रांगोळीला 'चुक्की रंगोली' म्हणतात. ठिपके मांडताना शेवटची आकृती मनात असते. इथेही तसेच. मग तो एकेक आकडा लिहितो आणि सोडवणाऱ्याच्या जागी बसून विचार करतो: आता याला काय दिसेल? पहिले पाऊल सोपे असू दे, तिसऱ्या पावलाला जरा थांबू दे, आणि इथे एकदम मार्ग मोकळा होऊ दे. संगणक उत्तर सांभाळतो, माणूस वाट आखतो.

उदाहरणावाचून हे पटायचे नाही. म्हणून चार बाय चारचे एक छोटे सुडोकू इथे देतो. प्रत्येक आडव्या ओळीत, प्रत्येक उभ्या ओळीत आणि दोन बाय दोनच्या चारही चौकटींत १ ते ४ हे आकडे एकेकदा यायला हवेत. टिंब म्हणजे रिकामे घर.

१ · · ४
· · २ ·
· १ · ·
४ · · २

दिलेले आकडे नीट पाहा. चार कोपऱ्यांत चार, आणि मधल्या तिरक्या रेषेवर दोन. कागद उलटा फिरवला तरी जागा त्याच राहतात. दुसरी गंमत म्हणजे ३ हा आकडा कुठेच दिलेला नाही. तरीही वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात केलीत तर पहिल्याच पावलाला ३ हाती लागतो. त्या चौकटीत १ आणि ३ उरले आहेत, पण वरच्या ओळीत १ आधीच आहे. म्हणून ४ च्या डावीकडे ३ आणि त्याच्या खाली, कडेच्या घरात १. पुढची वाट तुम्हीच काढा. न बोलावलेला पाहुणा चारही ओळींत आपोआप हजर होतो! हा ३ मुद्दाम लपवलेला आहे. संगणकाच्या कोड्यातही असा आकडा योगायोगाने लपू शकतो, पण त्यात लपवल्याचा आनंद कोणाला झालेला नसतो.

आता हाताची मर्यादाही पाहू. खालच्या डाव्या कोपऱ्यातला ४ जादाचा वाटतो. सोडवताना बहुतेक घरे त्याच्यावाचून भरतात. मग तो काढून टाकावा का? टाकून पाहा. शेवटी डावीकडची चार घरे उरतात, दुसऱ्या ओळीत दोन आणि चौथ्या ओळीत दोन. त्यांत ३ आणि ४ असे बसवले तरी चालतात आणि अदलाबदल केली तरी चालतात. उत्तरे दोन झाली, म्हणजे कोडे फसले. नऊ बाय नऊच्या मोठ्या चौकोनात अशी जागा अनुभवी माणसाच्याही नजरेतून निसटू शकते. संगणक ती क्षणात पकडतो. म्हणून हाताने रचायचे आणि संगणकाकडून तपासून घ्यायचे, ही रीत शहाणपणाची. त्यात कमीपणा काही नाही. हिशेब तोंडी करणारा दुकानदारही कॅल्क्युलेटर जवळ ठेवतोच.

याचा उत्तम दाखला आपल्या जवळचाच आहे. २००८ च्या एप्रिलमध्ये तिसरी जागतिक सुडोकू स्पर्धा गोव्यात झाली. तिथे वैयक्तिक विजेता ठरला अमेरिकेचा थॉमस स्नायडर. सोडवण्याच्या वेगात जगात पहिला आलेला हा माणूस पुढे रचण्याकडे वळला आणि हाताने रचलेल्या कोड्यांसाठी त्याने 'ग्रँडमास्टर पझल्स' हे स्वतःचे प्रकाशन सुरू केले. ज्याने हजारो कोडी सोडवली त्याला घालणाऱ्याचा हात ओळखू येतो, आणि तो हात त्याला मोलाचा वाटला. २०१७ मध्ये हीच जागतिक स्पर्धा बंगळुरूला झाली. एक गोव्यात, एक कर्नाटकात. निरनिराळ्या भाषांची माणसे एका खोलीत बसली आणि कोणालाही दुभाष्या लागला नाही. आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

आकडे चौकोनात मांडण्याचा नाद आपल्याला नवा नाही. आमच्याच मध्य प्रदेशात, खजुराहोच्या पार्श्वनाथ मंदिरात चार बाय चारचा एक चौकोन कोरलेला आहे. वरची ओळ ७, १२, १, १४. कोणतीही आडवी, उभी किंवा तिरपी ओळ घ्या, बेरीज ३४. नारायण पंडितांनी १३५६ मध्ये 'गणितकौमुदी' लिहिली, तिच्यात असे चौकोन बनवण्याच्या रीती सांगितल्या आहेत. एकदा रीत ठरली की तिच्यामागून कोणीही जाऊ शकतो, मग तो विद्यार्थी असो की यंत्र. पण काय मांडायचे आणि कशासाठी, हे आधी कोणालातरी सुचावे लागते.

देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचेच पाहा ना. चार अंकी संख्या घ्या, सगळे अंक सारखे नकोत. मोठ्याकडून छोट्याकडे आणि छोट्याकडून मोठ्याकडे असे अंक मांडून वजाबाकी करा. आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच करा. ३५२४ घेतले तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत प्रत्येक संख्या ६१७४ लाच येऊन थांबते. आज फोनवरचा साधा प्रोग्रामही सगळ्या चार अंकी संख्या क्षणात तपासून ही गोष्ट खरी आहे असे सांगेल. पण असे करून पाहावे, हे सुचले कागद-पेन्सिल घेऊन बसलेल्या एका शाळामास्तरांना.

हे सगळे मला इतके महत्त्वाचे का वाटते? कारण मी शिक्षक आहे, आणि प्रश्नपत्रिका काढणे हाही कोडे घालण्याचाच प्रकार. प्रश्नपेढीतून आता बटण दाबताच प्रश्नपत्रिका निघते. प्रश्न चुकीचे नसतात, काठिण्यपातळीही बरोबर भरते. तरी हाताने काढलेल्या पत्रिकेत शिक्षक मनातल्या मनात वर्गावरून नजर फिरवतो. मागच्या बाकावरच्या घाबरट मुलाला पहिला प्रश्न जमला पाहिजे, पुढच्या बाकावरच्या हुशार मुलीला शेवटचा प्रश्न जरा अडवू दे. ही नजर सुटली तर पत्रिका बरोबर राहील, पण ती कोणासाठी काढली हे कोणालाच सांगता येणार नाही.

मुलांचेही तसेच होते आहे. फोनवर त्यांना हवी तितकी कोडी मिळतात. एक संपले की दुसरे हजर, सोडवण्याचा वेग वाढतो, गुण जमा होतात. सराव म्हणून ते चांगलेच आहे, त्याला नावे ठेवू नयेत. पण सोडवताना मूल स्वतःचाच विचार करते. कोडे घालताना मात्र त्याला दुसऱ्याच्या डोक्यात शिरावे लागते. बाबा इथे काय करतील? आजीला हे दिसेल का? फार अवघड झाले तर ती कंटाळेल, फार सोपे झाले तर म्हणेल, मला काय लहान समजलास? दुसऱ्याला किती अडवायचे आणि कुठे हात द्यायचा, हे समजणे म्हणजे निम्मे माणूसपण शिकणे आहे. अजून कोणत्याही परीक्षेत त्याला गुण नाहीत.

तेव्हा या सुटीत एक करा. वहीचा चौकटीचा कागद घ्या. घरातल्या मुलाला सांगा, की चार बाय चारचे एक सुडोकू आजीसाठी रच. आजी मराठी बोलणारी असो की 'अज्जी' म्हणवून घेणारी कन्नड असो, आकडे दोघींनाही कळतात. उत्तर एकच आहे ना, हे मोठ्या भावाला फोनवर तपासू द्या. मग कोडे आजीसमोर ठेवा आणि मुलाला तिच्या शेजारी बसवा. ती अडली की मुलाने काय करायचे, ते त्याला सांगावे लागणार नाही. त्याच्याही गालात हसू येईलच.