पोरांना एमव्हीसीची व्याख्या नको, काम शिकवा

वाशीकरांनो, आज जरा स्पष्टच लिहितोय. कुणाला झोंबलं तर झोंबू द्या.

निकाल लागले की आपल्या भागात चौकाचौकात बोर्ड लागतात. 'सहा महिन्यांत फुल स्टॅक डेव्हलपर, १०० टक्के नोकरी.' बाप सोयाबीन विकून फी भरतो. सहा महिन्यांनी पोराच्या हातात काय येतं? एक रंगीत सर्टिफिकेट आणि पेनड्राइव्हमध्ये दुसऱ्याच कुणीतरी केलेला प्रोजेक्ट. 'हॉस्पिटल मॅनेजमेंट' नाहीतर 'लायब्ररी मॅनेजमेंट'. वरचं नाव बदललेलं, आतला माल तोच. कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्टही असाच विकत मिळतो, हे पालक सोडून सगळ्यांना माहीत आहे.

असाच एक पोरगा मागे माझ्याकडे आला होता. हुशार. एमव्हीसी म्हणजे काय विचारलं तर मॉडेल, व्ह्यू, कंट्रोलर धडाधड सांगितलं, आकृतीसकट. म्हटलं, बाबा, या तुझ्या फॉर्ममध्ये पेशंटचं 'गाव' एवढा एक रकाना वाढव. दीड तास बसला. टेबलात कॉलम कुठून वाढवायचा, रकाना रिकामा सोडला तर कुठे अडवायचं, पानावर कुठे दाखवायचं, काही पत्ता नाही. यात पोराचा दोष नाही. त्याला कुणी एकदाही कोरी फाइल उघडून 'आता तू लिही' म्हटलेलं नव्हतं.

आणि आपल्या माणसाला हे समजावणं अवघड अजिबात नाही. जमिनीची नोंद घ्या. सातबारा म्हणजे गाव नमुना ७ आणि १२ एका कागदावर. तुमच्या खात्यावर गावात एकूण किती जमीन हे बघायचं तर ८अ. उतारे दोन, पण नोंद तीच. उतारा हा व्ह्यू. त्यावर पेनानं क्षेत्र वाढवलं म्हणून जमीन वाढत नाही! वारस लावायचा तर अर्ज द्या, फेरफार धरा, नोटीस निघू द्या, मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी घ्या, मगच. आलेला अर्ज कुठं पाठवायचा आणि शेवटी कोणता कागद हातात द्यायचा हे बघणारा कंट्रोलर. मूळ नोंद आणि तिचे नियम म्हणजे मॉडेल. गट १ हेक्टर २० आरचा असेल तर हिश्श्यांची बेरीज १ हेक्टर ४० आर होता कामा नये, हे मॉडेलनं सांभाळायचं. नियम एका जागी असला की अर्ज वेबवरून येवो की मोबाइलवरून, तो लागतोच. तोच नियम पानापानावर लिहिला की एखाद्या पानावर राहून जातो, आणि घोटाळा तिथूनच शिरतो. विकतच्या प्रोजेक्टांत नेमकं हेच असतं, डेटाबेसची क्वेरी थेट पानातच कोंबलेली.

२०१८ पासून डिजिटल सहीचा सातबारा आला, २०२१ पासून ई-पीक पाहणी. आपलं पोट आता वेबवर टांगलंय. सर्व्हर अडला की आपण हेलपाटे घालतो. पण असली कामं बांधणारं पोरगं आपल्या तालुक्यातून निघावं, असं किती जणांना वाटतं?

लगेच उत्तर येतं, "अहो, त्याला पुण्यालाच जावं लागतं." (नोकरीच्या साइटवर 'वाशी' टाकलं तर नवी मुंबई निघते, ते दुःख वेगळंच.) जँगो नावाचं फ्रेमवर्क कुठं जन्मलं माहितीय? अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स गावच्या स्थानिक वर्तमानपत्रात. बातमीदारांना आज सांगितलेली गोष्ट आजच पाहिजे असायची, म्हणून तिथल्या प्रोग्रामरांनी २००३ च्या सुमारास ते स्वतःच्या कामासाठी बांधलं आणि २००५ मध्ये सगळ्यांना फुकट खुलं केलं. आणखी गंमत म्हणजे जँगोत कंट्रोलरच्या बऱ्याचशा कामाला 'व्ह्यू' म्हणतात आणि आपल्या व्ह्यूला 'टेम्प्लेट'. व्याख्या पाठ केलेला पोरगा पहिल्याच दिवशी इथं आपटतो.

पायथन फुकट, जँगो फुकट, शिकवणारं अधिकृत पाठ्यसाहित्य फुकट. एकदा इन्स्टॉल केलं की जुन्या लॅपटॉपवर इंटरनेटशिवाय चालतं. अडचण खरी आहे ती इंग्रजीची. मराठी शाळेतून आलेलं पोर त्या पानांपुढं घाबरतं. क्लासवाल्यांनो, फी घ्यायचीच तर याची घ्या. शेजारी बसा, एरर मराठीत उलगडून सांगा. एखाद्या खवा भट्टीचा हिशेब बांधून घ्या पोराकडून, कुणाचं किती दूध आलं, किती उचल गेली, दहा दिवसांचं बिल किती. भट्टीवाला स्वतःच सांगेल काय चुकलंय, त्याचे पैसे आहेत ना त्यात.

कॉलेजच्या सरांना एवढीच विनंती. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारू नका. प्रोजेक्ट उघडायला लावा आणि समोर बसवून एक रकाना वाढवायला सांगा. अर्धा तास द्या. विकतचे प्रोजेक्ट एका वर्षात बंद होतील, आणि ते विकणाऱ्यांचा धंदाही.

आणि पालकांनो, इंजिनिअर असायची गरज नाही. येत्या रविवारी पोराला म्हणा, आपल्या घरच्या दुधाची किंवा दुकानाच्या उधारीची वही कॉम्प्युटरवर कर, माझ्यासमोर, पहिल्या ओळीपासून. जमलं नाही तर पोरावर ओरडू नका. सोमवारी क्लासमध्ये जाऊन फीची पावती टेबलावर ठेवा आणि विचारा, सहा महिने शिकवलं काय?