विश्रांती आणि दोषारोप

सेवेत असताना माझ्या कार्यालयातील एका लिपिक महिलेने पंधरा दिवसांची रजा मागितली होती. अर्जातील कारण होते ‘घरगुती’. मी तीनच दिवस मंजूर केले. भ्रूण प्रत्यारोपणानंतर तिला घरी पडून राहायचे होते, हे मला फार उशिरा कळले. गर्भ राहिला नाही. ती लगेच कामावर आली म्हणूनच राहिला नाही, असे सासरची माणसे म्हणत. तिलाही तसेच वाटे आणि मलाही.

निवृत्तीनंतर केलेल्या वाचनातून आम्हा सर्वांचीच समजूत चुकीची होती असे आढळले. प्रत्यारोपणानंतर अंथरुणात पडून राहिल्याने गर्भधारणेची शक्यता वाढत नाही. अमेरिकेतील प्रजननवैद्यक तज्ज्ञांच्या संस्थेने 2017 मध्ये अशी विश्रांती देऊ नये, असेच मार्गदर्शन केले. गर्भाशयाच्या भिंती एकमेकींना टेकलेल्या असतात. उभे राहिल्याने किंवा चालल्याने भ्रूण घसरून पडत नाही. यश मुख्यतः स्त्रीचे वय, भ्रूणाची प्रत आणि गर्भाशयाचे अस्तर यांवर अवलंबून असते. काही गुंतागुंत झाल्यास डॉक्टर सांगतील ती विश्रांती अर्थातच घ्यावी.

पुराव्यापूर्वीच निवाडा देण्याची आपली सवय जुनी आहे. 1978 मध्ये कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून देशातील पहिले टेस्ट ट्यूब बालक जन्मले. या शास्त्राचे जाणकार नसलेल्या सरकारी समितीने त्यांचा दावा फेटाळला. 1981 मध्ये त्यांनी जीवन संपवले. श्रेय मिळाले ते मरणोत्तर. अपयशी उपचारानंतर घरोघरी स्त्रीवर अशाच समित्या बसतात.

यशाची शक्यता, खर्च आणि धोके यांविषयी समुपदेशन करणे 2021 च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने उपचारकेंद्रांवर बंधनकारक केले आहे. विश्रांतीविषयीची माहितीही त्यातच, रुग्णाच्या भाषेत आणि लेखी दिली जावी. रोजंदारीवरील स्त्रीला पंधरा दिवस पडून राहण्याचा सल्ला म्हणजे पंधरा दिवसांची मजुरी बुडणे होय.

रजेची गरज मात्र खरी आहे. तपासण्या, इंजेक्शने, बीजांडे काढण्याची प्रक्रिया यांसाठी वारंवार जावे लागते. मातृत्व लाभाविषयीचा कायदा स्त्रीच्या नसबंदीनंतर दोन आठवड्यांची सवेतन रजा देतो. मूल व्हावे म्हणून उपचार घेणारीसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. ती व्हायला हवी, आणि तिच्यासाठी ‘घरगुती’ असे कारण लिहिण्याची पाळी कोणावर येऊ नये.

माझ्या नकारामुळे त्या महिलेचा गर्भ गेला नाही, हे आज मी जाणतो. तिला हे कोणी सांगितले असेल का, हे मात्र मला ठाऊक नाही.