दुर्लक्ष कर म्हणण्याआधी

१८८२ साली पुण्यातल्या श्री शिवाजी छापखान्यातून ‘स्त्रीपुरुषतुलना’ नावाचे छोटे पुस्तक बाहेर पडले. लेखिका होत्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेकडच्या एका विधवेला अर्भकहत्येच्या आरोपावरून शिक्षा झाली होती आणि त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर तोंडसुख घेतले होते. हे पुस्तक म्हणजे ताराबाईंनी त्याला दिलेले उत्तर. पुस्तकावर आणि लेखिकेवर टीकेची झोड उठली. जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली, पण ताराबाईंचे दुसरे पुस्तक कधी निघाले नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ‘स्त्रीपुरुषतुलना’ पुन्हा छापले आणि मराठी वाचकाला त्या नावाची नव्याने ओळख झाली. मधली त्र्याण्णव वर्षे आपली भाषा एका तेजस्वी लेखणीला मुकली. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपली ही परंपरा लिहित्या माणसांच्या हिमतीवर चालत आली आहे. म्हणून यंदाच्या संपादकीयात ही हिंमत आज कशी मोडली जाते, त्याविषयी लिहितो आहे.

रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. तिच्या फोनवर एका नव्या खात्यावरून संदेश येतो. खात्याला फोटो नाही, नावापुढे चार आकडे, मजकूर तीन शब्दांचा. ब्लॉक करायला दहा सेकंद पुरतात. पंधरा मिनिटांनी दुसरे खाते, आकडे वेगळे, शब्द तेच. सकाळी कळते की लग्नातल्या फोटोतला तिचा चेहरा कापून दुसऱ्याच कुणाच्या शरीरावर चिकटवला आहे आणि तो फोटो मावशीच्या व्हॉट्सॲप ग्रुपपर्यंत पोचला आहे. दुपारी ऑफिसच्या ईमेलवर तिच्या चारित्र्याबद्दल निनावी तक्रार येते. आठवड्याने तिच्या इमारतीसमोरच्या रस्त्याचा फोटो येतो, त्याखाली एक अक्षरही नसते. यातली एकेक गोष्ट सुटी काढून भावाला, साहेबांना किंवा ठाण्यातल्या हवालदाराला दाखवली, तर तिघांचे उत्तर बहुधा एकच असते: एवढे काय मनावर घ्यायचे, दुर्लक्ष कर. आणि सुट्या संदेशापुरते ते उत्तर चुकीचेही नसते. प्रत्येक जण एकच संदेश पाहतो. ती मात्र आठ महिने झेलत आलेली असते.

माझे म्हणणे एवढेच आहे की दीर्घकाळ चाललेल्या ऑनलाइन छळातली इजा कुठल्याही एका शब्दात नसते, ती त्याच्या सातत्यात असते. आणि म्हणून त्यावरचा उपायही ते सातत्य दिसेल असे मांडण्यातच आहे. किल्ल्याला वेढा पडला की रोज तोफ डागावी लागत नाही. रसद तुटते, पहारा बदलायला माणसे उरत नाहीत, आणि आतल्यांची झोप आधी जाते. पुढचा संदेश कधी येईल, कोणाकडे जाईल हे ठाऊक नसले की शरीर सतत सावध राहते. फोन वाजला की छातीत धस्स होते, कामात लक्ष लागत नाही, ओळखीच्या माणसांबद्दलही संशय येऊ लागतो. मग ती आधी एका विषयावर लिहिणे सोडते, नंतर फोटो टाकणे, मग समारंभाला जाणे. बाहेरच्यांना वाटते, आता सारे शांत झाले.

हा दोनचार हळव्या मनांचा प्रश्न नाही. अम्नेस्टी इंटरनॅशनलच्या भारतीय शाखेने मार्च ते मे २०१९ या निवडणुकीच्या काळात ९५ राजकारणी स्त्रियांचा उल्लेख असलेली १,१४,७१६ ट्वीट तपासून घेतली. दर सातांतले एक ट्वीट अपमानकारक किंवा त्रासदायक निघाले, आणि मुस्लिम स्त्रियांना धर्मावरून झालेली शिवीगाळ इतर धर्मांच्या स्त्रियांपेक्षा ९४ टक्के अधिक होती. युनेस्को आणि आंतरराष्ट्रीय पत्रकार केंद्र यांनी २०२० मध्ये जगभरच्या पत्रकारांची पाहणी केली. तिच्यात ७३ टक्के स्त्री पत्रकारांनी ऑनलाइन हिंसा सोसल्याचे सांगितले, ३० टक्के जणींनी समाजमाध्यमांवर स्वतःच्या लेखणीला लगाम घातला होता, आणि २० टक्के जणींनी प्रत्यक्ष आयुष्यात झालेल्या हल्ल्याचा किंवा त्रासाचा संबंध त्या छळाशी जोडला. ‘ते सगळे फोनमध्येच असते’ असे म्हणणाऱ्यांनी हा शेवटचा आकडा लक्षात ठेवावा.

दुर्लक्षाचा सल्ला देणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. हत्ती चालतो, कुत्री भुंकतात, ही आपल्याकडची जुनी समजूत, आणि एखाद्या उडाणटप्पूच्या एका शेऱ्यापुरती ती खरीही आहे. त्याला उत्तर मिळाले की चेव चढतो, हे मलाही मान्य आहे. पण उत्तर न देणे आणि दुर्लक्ष करणे यांत फार अंतर आहे. उत्तर न देता नोंद ठेवता येते. दुर्लक्ष केले की पुरावा हातचा जातो. केंद्राच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार, तक्रारीनंतर काढलेला मजकूर आणि बंद झालेल्या खात्याची नोंदणीची माहिती कंपनीने १८० दिवस जपून ठेवायची असते. छळणारा खाते बंद करून पसार झाला आणि आपण वर्षभर सहन करत बसलो, तर ते खाते कोणाचे होते हे विचारायला पोलीस जातील तेव्हा कंपनीकडे उत्तर उरलेले नसेल. सहनशीलतेची ही किंमत सल्ला देणाऱ्याने कधी मोजलेली नसते. ‘मग सोडून दे ना ते फेसबुक’ हा त्याचाच जुळा सल्ला. आज काम, शिक्षण, ग्राहक, मैत्री सारे तिथूनच चालते. वाटेत गुंड उभा आहे म्हणून मुलीची शाळा बंद करणाऱ्या बापाला आपण दोष देतो, मग इथे तीच गोष्ट शहाणपणाची कशी ठरते?

तर करायचे काय? पहिली गोष्ट, छळणारा ओळखीचा असेल आणि संपर्क साधत असेल, तर एकदाच, लेखी, स्वच्छ शब्दांत सांगायचे: माझ्याशी पुन्हा संपर्क करू नका. त्यानंतर एक अक्षर नाही. यामागे कायद्याचे कारण आहे. २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत आलेला आणि आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये असलेला पाठलागाचा गुन्हा नेमका हेच विचारतो, की स्त्रीने नकार स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने वारंवार संपर्क साधला का. तिच्या इंटरनेटच्या वापरावर पाळत ठेवणे हेही त्याच कलमात येते. पहिल्या दोषसिद्धीला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, दुसऱ्या वेळी पाच वर्षांपर्यंत. नकाराचा तो एक संदेश म्हणजे खटल्याचा पाया. त्यावर भिंत उभी राहते ती नोंदीची. साधी दोनशेपानी वही चालेल: तारीख, वेळ, खात्याचे नाव, त्याची लिंक, काय आले, आणखी कोणाला गेले. प्रत्येक नोंदीचा स्क्रीनशॉट, ज्यात खात्याचे नाव आणि वेळ दोन्ही दिसतील असा. मूळ संदेश पुसायचा नाही आणि तो फोन विकायचाही नाही, कारण भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत तो कोणत्या उपकरणातून आला याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. ब्लॉक करायचे ते हे सारे झाल्यावर. वहीची चाळीस पाने भरली की तोच हवालदार तीन शब्दांऐवजी आठ महिने वाचतो.

नग्न किंवा बनावट चिकटवलेल्या फोटोंच्या बाबतीत मात्र वहीची वाट पाहू नये. असा मजकूर तक्रारीनंतर २४ तासांत हटवण्याचे बंधन २०२१ च्या नियमांनीच कंपन्यांवर घातले. ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची सोय त्याच वर्षाच्या अखेरीस सुरू झाली. तिच्यात फोटो कुठेही पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्याचा संख्यारूप ठसा काढला जातो आणि तेवढाच ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो, म्हणजे तो फोटो पुन्हा चढवला गेला की ओळखता येतो.

‘पोलिसांत जाऊन काय होणार’ हा आक्षेप मला सर्वात गंभीर वाटतो, कारण तो अनुभवातून आलेला असतो. जुलै २०२१ मध्ये मुस्लिम स्त्रियांचे फोटो ‘लिलावा’साठी मांडणारे एक ॲप इंटरनेटवर आले. तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले, पण सहा महिने कोणालाही अटक झाली नाही. १ जानेवारी २०२२ रोजी तोच प्रकार दुसऱ्या नावाने, शंभराहून अधिक स्त्रियांचे फोटो लावून पुन्हा झाला. या वेळी मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांत बंगळुरू आणि उत्तराखंडमधून संशयित पकडले, पाठोपाठ दिल्ली पोलिसांनी आसामातून एकाला पकडले, आणि मग जुलैच्या प्रकरणातला संशयितही इंदूरला सापडला. बहुतेक जण विशीच्या आसपासचे होते. त्याच्याही कितीतरी आधी, २००४ मध्ये, एका स्त्रीच्या नावाने याहूवर घाणेरडा मजकूर आणि तिचा फोन नंबर टाकणाऱ्याला चेन्नईच्या पोलिसांनी मुंबईतून पकडले. फेब्रुवारीत तक्रार झाली, नोव्हेंबरमध्ये शिक्षा. म्हणजे माणूस सापडत नाही ही सबब वीस वर्षांपूर्वीही खरी नव्हती. शोधायचे ठरवले तर सापडतो. ठरवायला लावणे हे मात्र आपल्यावर येते. आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मुळे कुठल्याही ठाण्यात, हद्द न पाहता, गुन्हा नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक मार्गाने तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नाकारले तर पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येते, आणि पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार करता येते.

दुसरा आक्षेप अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा, आणि मराठी माणसाला तो पालघरमुळे ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये तिथल्या दोन तरुणींना बंदबद्दलची एक फेसबुक पोस्ट आणि तिच्यावरचे एक ‘लाइक’ एवढ्यावरून अटक झाली. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले, आणि योग्यच केले. ‘त्रास होईल असे’ इतक्या ढिल्या शब्दांत गुन्हा बांधला की तो आधी दुबळ्याच्याच गळ्यात पडतो. पण हा निकाल माझ्या म्हणण्याला बळच देतो. एका वाक्याला गुन्हा ठरवू गेलो तर टीका, विनोद, संताप सारेच धोक्यात येते. वारंवार पाठीस लागण्याला गुन्हा ठरवले तर कोणाचेही मत अडत नाही. मंत्र्याच्या धोरणावर हजारदा लिहा, लेखिकेच्या कादंबरीची चिरफाड करा. तिच्या इमारतीचा फोटो पाठवण्याला मत म्हणत नाहीत. आपल्या कायद्यातली उणीव वेगळीच आहे: कलम ७८ फक्त स्त्रीचे संरक्षण करते, आणि हजार जणांनी प्रत्येकी एकेक संदेश टाकला तर त्यातला एकही जण ‘वारंवार’ या शब्दात सापडत नाही. पुरुषाला, तृतीयपंथी व्यक्तीला किंवा झुंडीच्या तावडीत सापडलेल्याला निनावी धमकीसारख्या सुट्या कलमांचाच आधार घ्यावा लागतो. झुंड जमवणाऱ्याला जबाबदार धरणारी तरतूद यायला हवी, आणि ती मागण्याचे काम लेखक-पत्रकारांच्या संघटनांचे आहे.

एवढे सगळे एकट्या माणसाने करायचे म्हटले तर ते करणेच दुसरा छळ ठरते. रोज तीच घाण पुन्हा उघडून, वाचून, तारीख घालून ठेवायची म्हणजे जखमेवरची खपली रोज काढायची. म्हणून वही तिने ठेवू नये, तिच्यासाठी दुसऱ्या कोणीतरी ठेवावी. भाऊ, मैत्रीण, सहकारी, कोणीही फोन हातात घेऊन म्हणावे, वाचायचे काम आजपासून माझे, तुला फक्त धोक्याचे असेल तेवढे सांगेन. ‘तुझ्याबद्दल काय लिहिलंय बघितलंस का’ असे म्हणत तोच मजकूर तिला पुन्हा पाठवू नये. खाली भांडत बसून त्या पोस्टची रहदारी वाढवू नये. निनावी तक्रार आली म्हणून नोकरी देणाऱ्याने तिच्याकडे खुलासा मागू नये, ते पत्र पुरावा म्हणून तिच्या स्वाधीन करावे. संपादक-प्रकाशकांनी, ज्यांच्या पानांवर लिहिल्यामुळे हा वेढा पडला, त्यांनी तक्रारदार म्हणून तिच्या शेजारी उभे राहावे. जोतीरावांनी ‘सत्सार’ छापले तसे आपल्या नावाने, छापील अक्षरांत. मन खचले असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर बोलायला माणूस मिळतो. मूल अडचणीत असेल तर १०९८ आहे.

दिवाळीत माणसे भेटतात. कोणी यंदा फराळाला येऊनही गप्प बसली असेल, फोन उलटा ठेवत असेल, एरवी लिहिणारी या वर्षी काहीच लिहीत नसेल, तर तिला बाजूला बसवून विचारा, आणि ती बोलली तर त्याच बैठकीत वहीचे पहिले पान भरा. बलिप्रतिपदेला कोणी खाते बंद करून पळाला, तर त्याच्या माहितीचे १८० दिवस अक्षय्य तृतीयेच्या सुमारास संपतात.