नोकरीच्या दारातील नवा मुकादम

"उत्तम शेती, मध्यम व्यापार आणि कनिष्ठ चाकरी" ही म्हण आपल्या आजोबा-पणजोबांनी लहानपणी ऐकली, मोठेपणी दुसऱ्यांना ऐकविली, आणि अखेर तीच मंडळी गाठोडे बांधून चाकरीच्या शोधात सुरतेस आली. पावसाने दगा दिला, शेताचे तुकडे झाले, व्यापारास भांडवल नव्हते. मग म्हणीतील कनिष्ठ गोष्ट तेवढी हाती उरली. त्या कनिष्ठ चाकरीवरच आपली घरे उभी राहिली आणि आपण शाळेत आलो. तेव्हा नोकरीस नावे ठेवण्याचा अधिकार आपणांस नाही. नोकरी कशी मिळवावी, आणि ती मिळवताना आपली किंमत कोणास ठरवू द्यावी, हा विचार मात्र आपण अवश्य केला पाहिजे.

तापीच्या खोऱ्यातून सुरत आणि खानदेश यांना जोडणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास सुरू झाला. अमळनेर, नंदुरबार, नवापूर या वाटेने आलेला माणूस उधन्यास उतरे. त्याच्या खिशात अर्ज नसे. एक पत्ता असे. तो पत्ता गावच्या कोणा नानाचा, मामाचा किंवा चुलतभावाचा. हा नाना त्यास दुसऱ्या दिवशी आपल्या लूमच्या कारखान्यात नेई, शेटजींसमोर उभा करी, आणि "आपला माणूस आहे" एवढे म्हणे. तीच त्याची मुलाखत व तेच त्याचे प्रशस्तिपत्र. लिंबायत, पांडेसरा, उधना, डिंडोली या भागांतील कितीतरी घरांच्या इतिहासाचे पहिले पान असेच लिहिले गेले आहे. आजही कारखान्याच्या दारावर "कारीगर जोईए छे" अशी पाटी लागते, आणि कडियानाक्यावर सकाळी माणसे कामाची वाट पाहत उभी असतात.

या जुन्या रीतीत मोठी माया होती. परंतु तिला एक मर्यादाही होती. नाना ज्या खात्यात, त्याच खात्यात पुतण्या. ज्या मुलाचा मामा बँकेत नाही, त्याला बँकेची वाट दाखविणार कोण? ज्या मुलीच्या घरातील कोणीच कचेरीची पायरी चढले नाही, तिच्यासाठी "आपली मुलगी आहे" असे म्हणणार कोण? ओळखीने दिलेले काम पोट भरी. पण बहुधा ते बापाच्याच जागेवर लेकास उभे करी.

शिवाय या वाटेवर नानाबरोबर आणखी एक गृहस्थ उभा असे. त्याचे नाव मुकादम. मुंबईच्या कापड गिरण्यांत यालाच जॉबर म्हणत. कामगार घेणे, काढणे, बदलीस लावणे हे त्याच्या हाती; म्हणून कामावर लागण्यासाठी आणि लागल्यावर टिकण्यासाठी त्याचा हात ओला करावा लागे. जे. एच. व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या लाचखोरीची स्पष्ट नोंद केली, आणि भरतीचा अधिकार जॉबरकडून काढून कामगार अधिकाऱ्याकडे द्यावा असे सुचविले. १९३५ साली मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगारांना कार्डे देण्याची पद्धत आली, तीही जॉबरचा हात आखडावा म्हणूनच.

इतके दूर जाण्याचेही कारण नाही. बारडोली, मढी, चलथाण येथील साखर कारखान्यांच्या उसासाठी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास डांगातून आणि नंदुरबार-धुळ्याकडून कोयता घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे येतात. पावसाळ्यात घरात दाणा नसतो, त्या वेळी मुकादम उचल देतो. हंगामाच्या शेवटी ती उचल मजुरीतून वळती होते. सहा महिने ऊस तोडून हाती काय उरले, हे त्या कुटुंबाला मुकादमाच्या वहीतूनच कळते. काम मिळवून देणारा माणूस गरजवंताचाच सावकार झाला की मजुरी त्याची राहत नाही.

स्वतंत्र भारताने या दुखण्यावर सरकारी सेवायोजन कार्यालयांचा उपाय योजिला. दुसऱ्या महायुद्धातून परतणाऱ्या सैनिकांसाठी १९४५ साली सुरू झालेली ही कार्यालये १९४८ पासून सर्वांना खुली झाली, आणि रिकाम्या जागा त्यांना कळविणे मालकांवर बंधनकारक करणारा कायदा १९५९ साली झाला. या योजनेमागील तत्त्व साधे व थोर होते. काम शोधणाऱ्याने काम शोधण्याचे दाम द्यावे लागू नये. पण नावे नोंदविणारे लाखो आणि जागा थोड्या. कित्येकांचे नोंदणीपत्र पिवळे पडले, तरी बोलावणे आले नाही.

आणि आता नोकरीचा बाजार मोबाईलच्या पडद्यावर आला आहे. नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ १९९७ साली सुरू झाले, लिंक्डइन २००३ साली आले. केंद्र सरकारची राष्ट्रीय करिअर सेवा २०१५ पासून, आणि गुजरात सरकारचे 'अनुबंधम्' २०२१ पासून चालू आहे. या दोन्ही सरकारी ठिकाणी नाव नोंदविण्यास एक पैसाही पडत नाही. ज्या मुलीचा मामा कचेरीत नाही, तीही आज घरी बसून पुण्याच्या, वडोदऱ्याच्या किंवा मुंबईच्या कचेरीकडे अर्ज धाडू शकते. मी हे मोठे भाग्य समजतो. ऑनलाईन म्हणजे फसवणूकच, असे म्हणून मुलांच्या हातून हे साधन काढून घेणारे पालक त्यांना पुन्हा त्याच जुन्या खात्यात नेऊन उभे करतात.

मात्र दार नवे झाले म्हणून दारातील मुकादम गेला, असे समजू नये. त्याने वेष बदलला आहे.

प्रस्तुत लेखकाच्या ओळखीतील एका मुलीची हकीगत सांगतो. बारावी वाणिज्य शाखेतून चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झालेली, वडील लूमवर रात्रपाळी करणारे. एके दिवशी तिच्या मोबाईलवर संदेश आला की तुमची निवड झाली आहे. बोलणारी बाई गोड, इंग्रजी सफाईदार, पत्रावर एका कंपनीचे चिन्ह. प्रथम नोंदणीचे दीड हजार रुपये मागितले, मग संगणकाच्या अनामतीचे चार हजार, मग प्रशिक्षणाचे. वडिलांनी भिशीतून उचलून पैसे दिले. चौथ्या मागणीच्या वेळी घरात काही उरले नव्हते, आणि त्या दिवसापासून तो फोन बंद झाला. मला सर्वांत दुःख झाले ते पुढच्या गोष्टीचे. त्या मुलीने तीन महिने ही गोष्ट कोणास सांगितली नाही. आपण मराठी शाळेत शिकलो, आपल्याला जगाची रीत कळत नाही, म्हणून आपण फसलो, असे तिने स्वतःस समजाविले. चोरीस गेलेले पैसे भिशीचे होते. परंतु खरी चोरी तिच्या आत्मविश्वासाची झाली.

मी तिला जे सांगितले तेच येथे सांगतो. फसविले जाणे हा गुन्हा नव्हे. फसविणे हा गुन्हा आहे. अशा प्रसंगी लाजून बसण्यात वेळ जातो, आणि तेवढ्यात पैसे एका खात्यातून दुसऱ्यात निघून जातात. तत्काळ १९३० या क्रमांकावर फोन करावा. केंद्र सरकारने सायबर गुन्ह्यांच्या तक्रारींसाठीच तो ठेविला आहे. पहिल्या काही तासांत तक्रार झाली, तर पैसे वाटेत अडविले जाण्याची आशा असते.

पण खोटा कोण व खरा कोण, हे ओळखावे कसे? माझ्या मते एकच प्रश्न पुरे आहे: याचा मोबदला कोण देतो? भरतीचा व्यवसाय करणारी प्रामाणिक माणसेही पुष्कळ आहेत. कंपनीला माणूस हवा असतो. तो शोधून दिल्याबद्दल कंपनी त्यांना मोबदला देते. उमेदवाराकडून एक रुपयाही घेण्याचे त्यांना कारण नसते. म्हणून नोंदणी, अनामत, गणवेश, मुलाखत, कोणत्याही नावाने जो तुमच्याकडे पैसे मागतो, तो सुटाबुटात असो की पडद्यामागे असो, व्हिटली आयोगाने वर्णिलेला जॉबरच होय. परदेशी कामासाठी पाठविणाऱ्या दलालांची गोष्ट थोडी निराळी आहे. १९८३ च्या कायद्याने त्यांना सरकारी नोंदणी आवश्यक केली, आणि त्यांच्या सेवाशुल्कास ३०,००० रुपये व त्यावरील कर एवढी मर्यादा घातली गेली. त्यांची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट या स्थळावर तपासता येते. ही तपासणी न करता निघालेल्यांचे काय होते, ते मार्च २०२५ मध्ये दिसले. थायलंडमध्ये संगणकाची नोकरी म्हणून नेलेल्या आणि म्यानमारच्या सीमेवरील फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबलेल्या सुमारे साडेपाचशे भारतीयांना वायुदलाच्या विमानांनी परत आणावे लागले.

त्याच प्रश्नाचे दुसरेही उत्तर आहे, आणि ते प्रामाणिक भरतीदाराच्या बाबतीत लक्षात ठेवावे. त्याला पैसे कंपनी देते, म्हणून तो कंपनीचा माणूस आहे. आपला नाना नव्हे. तो गोड बोलला म्हणून हुरळून जाऊ नये, आणि त्याने पुन्हा फोन केला नाही म्हणून खचू नये. कंपनीचे नाव काय, काम कोठे व कोणते, पाळी कोणती, कापून हाती किती येईल, भविष्यनिर्वाह निधी आहे की नाही, हे त्यास नम्रपणे पण स्पष्ट विचारावे. विचारणे म्हणजे उद्धटपणा, अशी आपल्या लोकांची समजूत आहे. कापड घेताना आपण ताका उलगडून पाहतो. मग आयुष्यातील आठ-दहा तास रोज ज्यास द्यायचे, ते काम न पाहता का घ्यावे? आणि नियुक्तिपत्र हाती आल्यावाचून जुने काम सोडू नये. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या कामगार संहितांनी प्रत्येक कामगारास असे पत्र देणे मालकावर बंधनकारक केले आहे.

एक मुकादम मात्र माणूसच नाही. अलीकडे मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम यंत्र चाळते. यंत्राला ओळखपाळख नसते, तेव्हा ते निःपक्षपाती असेल असे वाटते. पण ॲमेझॉन या अमेरिकन कंपनीने केलेल्या अशा एका यंत्राची कथा २०१८ साली प्रसिद्ध झाली. मागील दहा वर्षांचे अर्ज पाहून ते यंत्र शिकले होते. त्यांत पुरुष अधिक, म्हणून स्त्रियांच्या अर्जांना ते कमी गुण देऊ लागले. कंपनीला तो प्रयोग सोडावा लागला. यंत्रही जुन्या मुकादमाचीच वही वाचून शहाणे होते! म्हणून नकार आला, तर तो आपल्या योग्यतेवरचा अखेरचा निकाल समजू नये. चाळणीतून जाण्यापुरते एवढे करावे की जाहिरातीत ज्या कामांची नावे आहेत, त्यांपैकी जी आपल्याला खरोखर येतात, ती त्याच शब्दांत अर्जात लिहावीत. जे येत नाही, ते मात्र लिहू नये. अनुभवाचे खोटे दाखले करून देणारेही या बाजारात बसले आहेत. त्यांचा दाखला आज दार उघडतो आणि उद्या त्याच दारातून बाहेर काढतो.

आणि खरे लिहिण्यासारखे आपल्याजवळ पुष्कळ आहे. आपल्या शाळेतील मूल घरी मराठी किंवा अहिराणी बोलते, रस्त्यावर गुजराती, बाजारात हिंदी, आणि वर्गात इंग्रजी शिकते. रिंग रोडच्या कापड बाजारात जेथे अनेक प्रांतांचे व्यापारी एकाच दुकानात बसतात, तेथे या गुणाचे मोल आहे. तरीही आमची मुले अर्जात "भाषा" या रकान्यापुढे भीत भीत एकच शब्द लिहितात. हा संकोच टाकला पाहिजे.

शेवटी एक विनंती वडील मंडळींस. नोकरीसाठी आलेला संदेश मुलाने आपल्याला दाखविला, तर त्यास रागावू नका. शेजारी बसून वाचा. आपणांस इंग्रजी येत नसेल, पण माणूस ओळखता येतो. मुलांस इंग्रजी येते, पण माणूस अजून ओळखता येत नाही. दोघांनी मिळून वाचले तर मुकादमाचे काही चालणार नाही. आणि शाळेने दहावी-बारावीच्या निकालानंतर एक दिवस ठेवावा. ज्यांना हवे असेल त्यांची नावे सरकारी स्थळांवर नोंदवावीत, आणि कामास लागलेल्या माजी विद्यार्थ्यांनी त्या दिवशी येऊन धाकट्यांचे अर्ज तपासून द्यावेत.

उधना स्थानकावर उतरलेल्या त्या पहिल्या माणसाच्या हाती एक पत्ता होता, आणि त्या पत्त्यावर त्याच्यासाठी भाकरी ठेवणारे कोणीतरी होते. आज पत्ता मोबाईलवर आला आहे. त्याच्याजवळ बसणारे माणूस तेवढे आपण व्हावे, म्हणजे आपली मुले या नव्या बाजारात एकटी पडणार नाहीत.