आधी एक अडचण निवडा

पंचवीस वर्षं कारखान्यात काढलेला माणूस नोकरी सोडून स्वतंत्र सल्लागार व्हायचं ठरवतो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात तो व्हिजिटिंग कार्ड छापून घेतो. वर नाव, नावाखाली ‘कन्सल्टंट’, आणि त्याखाली सात-आठ ओळी : गुणवत्ता, उत्पादन, मेंटेनन्स, ट्रेनिंग, ऑडिट, खर्चकपात. चाकण, भोसरी, अंबड, वाळूज, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीत जा, अशी कार्डं पर्चेसवाल्यांच्या टेबलावर काचेखाली पडून आहेत. त्यांतल्या अनेकांच्या हातात खरोखर कसब आहे. तरीही त्यांना कामं मिळत नाहीत, वर्ष-दीड वर्षात ते पुन्हा कमी पगाराची नोकरी धरतात. हे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून हे सांगणं.

कारखानदार सल्लागाराला बोलावतो तो अडल्यावर. रिजेक्शन वाढलेलं असतं, ग्राहकाने माल परत पाठवलेला असतो, किंवा ऑडिट तोंडावर आलेलं असतं. त्या घटकेला तो ओळखीतल्या दोघा-तिघांना फोन करून एकच विचारतो : हे बघणारं कोण आहे? या प्रश्नाला उत्तर म्हणून तुमचं नाव घेतलं गेलं पाहिजे. नाव कमावणं, ब्रँड होणं म्हणतात ते एवढंच आहे. सगळंच करून देणाऱ्याचं नाव अशा वेळी कुणाला सुचत नाही.

कोल्हापूरच्या फाउंड्रीचं उदाहरण घ्या. ‘फाउंड्री कन्सल्टंट’ म्हणवणारे तिथे पुष्कळ सापडतील. पण ‘ग्रीन सँडच्या कास्टिंगमध्ये ब्लोहोल येत असतील तर ते मी आटोक्यात आणून देतो’ असं म्हणणारा माणूस मालकाच्या लक्षात राहतो. वाळूतला ओलावा, वाळूतून वायू निघून जायला मिळणारी वाट, कोअरमधून सुटणारा गॅस, ओतताना धातूचं तापमान, हे सगळं तो एकत्र तपासणार आणि दोष कुठे आहे ते बोट ठेवून दाखवणार, हे मालकाला कळतं. बाकीची कामं हातची जातील ही भीती सोडा. ब्लोहोलसाठी आत गेलात आणि ते काम नीट झालं, की मालक स्वतःच म्हणतो, ‘साहेब, आलाच आहात तर भट्टीकडेही एक नजर टाका.’ एका कामातून दुसरं असंच निघत जातं. पण बाहेर तुमची ओळख एकाच कामाची राहू द्या.

अशा एका कामाच्या ओळखीचं जुनं उदाहरण म्हणजे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. ते पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समधून, म्हणजे आजच्या सीओईपीतून, इंजिनिअर झाले आणि १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागले. नाशिक, खानदेश, सक्कर, पुणे अशा ठिकाणी त्यांनी नोकरी केली, आणि पाणी हा त्यांचा हातखंडा विषय झाला. १९०३ मध्ये खडकवासल्याच्या धरणावर त्यांनी आखलेले स्वयंचलित दरवाजे बसले. १९०८ मध्ये त्यांनी ते खातं सोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झालं आणि निजाम सरकारने सल्लागार अभियंता म्हणून त्यांना बोलावलं. शहराच्या वरच्या अंगाला पूर अडवणारे जलाशय बांधावेत, असं त्यांनी सुचवलं. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे तलाव त्यातून उभे राहिले. मुंबई इलाख्यातली खुर्ची मागे राहिली होती. पाण्याचा प्रश्न म्हटला की आठवावं असं नाव मात्र त्यांच्याबरोबर आलं होतं, आणि ते त्यांनी नोकरीत असतानाच मिळवलेलं होतं. तुमचं नाव कशासाठी घेतलं जातं, याचा शोध तुम्हीही राजीनामा द्यायच्या आधी घ्या. दुसऱ्या खात्यातली माणसं आपण होऊन तुमच्याकडे कशासाठी येत होती? तुम्ही रजेवर असताना कुठल्या कामासाठी फोन यायचे? आणि त्या अडचणीमुळे मालकाचे दरमहा नक्की किती पैसे जातात? हा तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. ज्या नुकसानीचा आकडा काढता येतो तिथे तुमच्या फीवर फार घासाघीस होत नाही.

पहिली दोन-तीन कामं ओळखीतूनच येतात आणि त्यात कमीपणा काही नाही. जुने सहकारी आता दहा ठिकाणी पांगलेले असतात, तुमच्या कंपनीला माल देणारे छोटे कारखानदार तुम्हाला नावाने ओळखत असतात. त्यांना भेटा, आपण आता काय करतो ते एका वाक्यात सांगा. मात्र एक गोष्ट कळकळीने सांगतो. जुन्या कंपनीची ड्रॉइंग, प्रोसेस शीट, ग्राहकांचे दर पेन ड्राइव्हमध्ये घेऊन बाहेर पडू नका. त्यात कायद्याचा धोका आहेच. शिवाय ज्या नव्या मालकाला तुम्ही ती दाखवाल, तो त्याच क्षणी मनात म्हणेल की उद्या माझे कागदही हा दुसऱ्याला दाखवणार. तुमचा अनुभव तुमचा आहे, कागद कंपनीचे.

काम हाती आलं की पहिल्या दिवशी मोजमाप करा आणि ते लिहून ठेवा. आज रिजेक्शन किती टक्के, कुठल्या पार्टला, कुठल्या पाळीत. त्यावर कारखान्याच्या जबाबदार माणसाची सही घ्या. बरेच सल्लागार हे करत नाहीत. मग तीन महिन्यांनी सुधारणा झाली तरी ती कुणाला दिसत नाही, कारण आधी काय होतं हेच सगळे विसरलेले असतात. काम संपल्यावर मालकासाठी छोटा रिपोर्ट द्या आणि मशीनवरच्या माणसांसाठी साध्या मराठीत एक पान वेगळं लिहा. सूचना अमलात आणणारा ऑपरेटर असतो. त्याला कळलं नाही तर तुम्ही बाहेर पडल्यावर पंधरा दिवसांत सगळं पहिल्यासारखं होतं, आणि बोल तुमच्या नावाला लागतो.

त्याच अनुभवावर, कारखान्याचं नाव न घेता, मराठीत लिहा. ‘धातुकाम’सारखं मासिक अशाच मजकुरासाठी आहे. पुण्याची मराठा चेंबर, नाशिकची निमा, संभाजीनगरची मसिआ, कोल्हापूरकडच्या गोशिमा आणि स्मॅक या संघटनांकडे जा आणि एका विषयावर तासभर बोलायची तयारी दाखवा. समोर वीसच माणसं असली तरी ती सगळी कारखाने चालवणारी असतात. लिंक्डइनवर जरूर असा, पण रोजचे सुविचार तिथे टाकू नका. महिन्यातून एकदा एखादी सुटलेली अडचण नीट मांडलीत तरी पुरे.

आता कमिशनबद्दल. स्वतंत्र सल्लागाराचं नाव सगळ्यात लवकर याच्यामुळे जातं. तुम्ही एखाद्या कारखान्यात चार वेळा गेलात की मशीन विकणारे, टूल विकणारे, सॉफ्टवेअर विकणारे तुम्हाला गाठतात. ‘तुम्ही फक्त शब्द टाका, तुमचं आम्ही बघतो.’ पहिल्या वर्षी हात तंगीत असताना हे फार मोहाचं असतं. नाही म्हणा. मालक तुम्हाला फी देतो ती तुमचं मत कुणाकडून विकत घेतलेलं नाही म्हणून. शिफारस करण्यासारखं मशीन खरोखर चांगलं असेल, तर विक्रेत्याला सांगा की माझं कमिशन ग्राहकाच्या किमतीतून कमी कर. औद्योगिक वसाहत ही फार लहान जागा असते. विक्रेत्याचा सेल्समन आज तुमच्याकडे येतो, उद्या दुसरी कंपनी धरतो आणि चहाच्या टपरीवर सगळं सांगून मोकळा होतो. एकदा ते मालकाच्या कानावर गेलं की तुम्ही आधी दिलेले सगळे खरे सल्लेही संशयाखाली येतात. ते परत उजळवता येत नाहीत.

फी सांगताना आपली माणसं अजून लाजतात. ‘तुम्हाला योग्य वाटेल ते द्या’ हे वाक्य तोंडातून कायमचं काढून टाका. हिशेब असा करा. समजा नोकरीत वर्षाला १२ लाख मिळत होते. त्याला ३०० दिवसांनी भागून लोक रोजचे ४ हजार मागतात आणि बुडतात. पैसे मिळणारे दिवस ३०० नसतातच. कामं मिळवायला फिरणं, रिपोर्ट लिहिणं, बिलामागे लागणं, आजारपण, सणवार, हे वजा करून सुरुवातीला वर्षाचे १०० दिवस धरा. पीएफमधला कंपनीचा हिस्सा गेला, प्रवास आणि विमा अंगावर आला, त्याचे ३ लाख मिळवा. १५ लाख भागिले १०० म्हणजे रोजचे १५ हजार. आकडा ऐकून स्वतःलाच धडकी भरेल, पण मालकाचं महिन्याचं नुकसान त्याच्या शेजारी मांडलंत की तो शांतपणे सांगता येतो. ‘जाता जाता जरा बघून जा’ असं कुणी म्हणालं तर पहिली भेट विनामूल्य ठेवा, दुसरीचा दर तिथेच सांगा.

पर्चेस ऑर्डर हातात आल्याशिवाय काम सुरू करू नका आणि काही रक्कम आगाऊ घ्या. त्याआधी उद्यम नोंदणी करा. ती आधारवर ऑनलाइन होते आणि मोफत असते, एजंटला पैसे द्यायची गरज नाही. ही नोंदणी सल्लागारालाही मिळते, पण तिचा उपयोग फार थोडे करतात. २००६ च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं आणि ती मुदत ४५ दिवसांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागू होतं. आयकरातही तरतूद आली आहे : मुदतीत पैसे न देणाऱ्याला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी दाखवता येतो. म्हणून प्रत्येक बिलावर उद्यम क्रमांक छापा. ‘साहेब बाहेरगावी आहेत’ हे उत्तर तिसऱ्यांदा मिळालं तर भांडू नका, या तरतुदीची आठवण देणारं सभ्य पत्र त्यांच्या अकाउंट्सला पाठवा. मार्चच्या आधी तर त्याचा चांगला उपयोग होतो.

कराचं थोडक्यात सांगतो. व्यावसायिक फीवर ग्राहक साधारणपणे १० टक्के टीडीएस कापतो, तो तुमच्या पॅनवर जमा झालाय का ते दर तिमाहीला बघा. वर्षाची उलाढाल २० लाखांवर गेली की जीएसटी नोंदणी लागते आणि बिलावर १८ टक्के कर लावावा लागतो. ते पैसे सरकारचे, घरखर्चाच्या खात्यात मिसळू नका. इंजिनिअरिंग आणि तांत्रिक सल्ल्याच्या व्यवसायाला निम्मी जमा उत्पन्न म्हणून दाखवण्याची सोय आयकरात आहे. ती तुम्हाला लागू पडते का, हे पहिल्याच वर्षी सीएला विचारा. महाराष्ट्रात व्यवसाय कराची नोंदणी आणि त्याचे वर्षाचे २५०० रुपयेही विसरू नका.

आणि घरी बोला. आधी एकदा सगळं मोकळेपणाने बोला. पहिलं वर्ष जमा कमी आणि अनियमित असणार, हे बायकोला किंवा नवऱ्याला, कळत्या मुलांना आकड्यांसकट माहीत असू द्या. वर्षभराचा घरखर्च बाजूला पडला नसेल तर राजीनामा पुढे ढकला. आरोग्य विमा मात्र आजच बघा. कंपनीची ग्रुप पॉलिसी नोकरीबरोबर संपते आणि स्वतःची नवी पॉलिसी घेताना आधीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पन्नाशीत मधुमेह किंवा रक्तदाब घेऊन बाहेर पडणाऱ्याने नोकरीत असतानाच, अगदी याच महिन्यात, स्वतःच्या नावावर पॉलिसी सुरू करावी.