फॉरमॅट मारण्याआधी

दुकान शहाद्यातलं असो वा नवापुरातलं, जुना पीसी टेबलावर आला की गिऱ्हाईक सांगतं, "हँग होतोय, फॉरमॅट मारून द्या." आपणही मारून देतो. थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. धडगावहून सातपुड्याचा घाट उतरून एसटीने सीपीयू आणणाऱ्याचा दोनदा दिवस बुडतो. म्हणून आमचं सांगणं आहे की, आधी हार्डडिस्कचा वेग मोजा. आणि मोजताना योग्य आकडा बघा.

चाचणीत सगळ्यात वर दिसणारा सलग वाचनाचा आकडा फसवा असतो. दहा-बारा वर्षांची धडधाकट डिस्कही तिथे सेकंदाला शंभर एमबी दाखवते. पण विंडोज सुरू होताना विखुरलेले बारीक तुकडे वाचते. ७२०० आरपीएमची तबकडी एका फेरीला ८.३ मिलिसेकंद घेते. हवा तो भाग खाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.२ मिलिसेकंद जातात. हेड सरकायला साधारण नऊ. सेकंदाला जेमतेम पंचाहत्तर वाचनं! चार केबीचा एक तुकडा धरला, तर हे ०.३ एमबी झालं. लॅपटॉपच्या ५४०० आरपीएममध्ये त्याहून कमी. टास्क मॅनेजरमध्ये डिस्क १०० टक्के दिसते ती यामुळे, आणि फॉरमॅटने तबकडी जोरात फिरू लागत नाही.

वेग याहूनही खाली असेल, तर मात्र रोग वेगळा. स्मार्टमध्ये सीआरसी एररचा आकडा वाढत असेल, तर आधी साटा केबल बदला. कितीतरी डिस्क विनाकारण भंगारात जातात. जुन्या आयडीई मशीनवर एक्सपी अशाच चुका साचल्या की डीएमए सोडून पीआयओवर उतरते आणि सगळं १६ एमबीच्या आत येतं. 'करंट पेंडिंग सेक्टर' शून्याच्या वर दिसला, तर लेखनाची चाचणी घेऊ नका, चेकडिस्कही चालवू नका. आधी क्लोन. देशातलं पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच टेंभलीत दिलं गेलं. तेव्हापासून घरोघरच्या पीसीत आधार, सातबारा, जातीचे दाखले स्कॅन होऊन पडलेत. दुसरी प्रत बहुतेकांकडे नसते.

डिस्क निरोगी असून संथ असेल, तर एसएसडी सुचवा. मदरबोर्ड साटा-२ चा असला तर ५५० एमबी मिळणार नाहीत, २७० च्या आसपास अडकेल. त्यावरून "या मशीनला एसएसडीचा उपयोग नाही" असं सांगणारे आपल्यात आहेत, ते चूक आहेत. बारीक वाचनं सेकंदाला हजारोंनी होतात, आणि गिऱ्हाइकाला फरक जाणवतो तो तिथेच. बायोसमध्ये आयडीई मोड असेल तर एएचसीआय करा. मात्र जुनी विंडोज तशीच क्लोन केली असेल तर ड्रायव्हर आधी चालू करा, नाहीतर निळा पडदा ठरलेला.

यापुढे बिलावर तीन आकडे लिहून द्या: चार केबी वाचनाचा आधीचा वेग, नंतरचा वेग आणि पेंडिंग सेक्टर.